धारेला खाडा

म्हैस फसत न्हाई, एवढं ध्यानात ठेवा. बाकी सगळी फसत्यात. गिऱ्हाईक फसतंय, पावणं फसत्यात, माणूस तर सोताला रोज सकाळी उठून फसवतंय. म्हैस न्हाई.

रेडकू मेलं की आमी गवळी काय करायचो सांगतो. त्याचं कातडं सोलायचं, वाळवायचं, आत पेंढा भरून शिवायचं आणि म्हशीच्या तोंडाम्होरं ठेवायचं. म्हैस ते हुंगती, चाटती आणि पान्हा सोडती. बघणारी माणसं म्हणायची, किती भोळं जनावर! भोळं कसलं? पेंढ्याला ऊब नसती, पेंढा लुचत न्हाई, ते तिला कळत न्हाई व्हय? सगळं कळतंय. पण चाटायला म्होरं कायतरी पाहिजे असतंय तिला.

ही गोष्ट माझ्या धाकट्या भावाची, शिदूची. मी मल्लाप्पा, थोरला. आमचा गोठा कोल्हापुरात, गवळी गल्लीत. आता सगळं जग टाकीत पिकवलेलं दूध पितंय, पर आमचा दुधाचा कट्टा अजून हाय. सांजच्याला म्हैस कट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाचा गिलास कोमटच त्याच्या हातात द्यायचा. शिदूचा हात असा, की धार सुरू झाली की बोलणारी माणसं गप व्हायची. आणि त्याची मोरणी! शिंगं खांद्याच्या मागं गेलेली, डोळं काजळ घातल्यागत. शिदूबिगर कुणाला हात लावू द्यायची न्हाई. शिदूची बायको पारू म्हणायची, "दाजी, माझी सवत दावणीला बांधलीया ह्यांनी."

त्या वर्षी मोरणीचं रेडकू मेलं. शिदूनं पेंढा भरून म्होरं ठेवलं, तर हिनं एकदा हुंगलं आणि त्वांड फिरवलं. दूध वर चढवून बसली. कास दगडागत झाली. शिदू रडायच्या बेतात आल्ता.

त्याच टायमाला सरनोबत मॅडम कट्ट्यावर यायच्या. युनिव्हर्सिटीत संशोधन करायच्या, बाई साधी, गिलास पिऊन झाला की व्हटावरची फेसाची मिशी तशीच ठेवून बोलायची. त्यांनी मोरणीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हिच्यासाठी माझ्याकडे काहीतरी आहे."

शिदू म्हणाला, "इंजेक्शन असंल तर नगो. चोरून मारणारी लई बघितली. म्हैस खाटकाकडं जाती त्यानं."

"इंजेक्शन नाही. बसा, सांगते."

"सोप्पं सांगा," मी म्हणलं. "मी चौथी नापास हाय, आणि ह्यो माझ्या मागनं शाळा सोडून आला."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "शरीरातली एक पेशी म्हणजे एक गोठा समजा. ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन म्हणजे बाहेरून आलेला माणूस. रेडकू लुचलं, शिदूमामांचा हात लागला, की तो रक्तातून येतो. पण गोठ्याच्या आत येत नाही. दारावर थाप मारतो."

"मग आत कोण ऐकतंय?"

"दाराला आतून टेकून एक निरोप्या बसलेला असतो. तो दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटचा जाऊन कॅल्शियमची कोठी उघडतो. कॅल्शियम सांडलं की पेशी आवळते. कासेत दुधाच्या बारक्या पिशव्यांभोवती अशा लाखो पेशी असतात. सगळ्या एकदम आवळल्या, की तुमचा पान्हा."

एवढं आधीपास्नं ठाऊक हुतं म्हणं. नवीन काय, तर मॅडमनी प्रत्येक निरोप्याला चकाकणारा ठिपका लावला आणि जित्या जनावरात निरोप कुठनं कुठं पळतोय ते बघितलं. त्याचा नकाशाच काढला. मोबाईलवर दावला आमाला. दिवाळीतल्या भुईचक्रागत ठिणग्या पळत हुत्या.

"आणि हे मेंदूतलं," मॅडम म्हणाल्या. "तेच दार, तीच थाप. पण आत निरोप दुसऱ्या वाटेनं जातो. तिथं दूध नाही उतरत. तिथं उमटतं, की हे माझं आहे."

शिदू लई येळ त्या ठिणग्यांकडं बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे माया."

"शास्त्रात तसं म्हणत नाहीत," मॅडम म्हणाल्या, "पण हो."

त्यांच्याकडचं औषध दारावर थाप मारणारं न्हवतंच. ते दार चुकवून सरळ आत शिरायचं आणि मधल्या निरोप्याच्या कानात सांगायचं. ते भरलेला एक बिल्ला मोरणीच्या कानात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिदू चरवी घेऊन बसला आणि हात लावायच्या आत धार सुरू. रेडकू नगो, पेंढा नगो, चुचकारणं नगो. पारूनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

ते दूध सहा-सात म्हयनं चाललं. मग आला पाडवा.

आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवत्यात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधायचा आणि मालकानं मोटारसायकलवर म्होरं जायाचं. म्हशीनं गर्दीतनं, ताशा-फटाक्यांतनं, मालकाच्या मागं पळत यायचं. दोरी न्हाई, काठी न्हाई. आता गाड्या सगळ्या बॅटरीवरच्या, आवाज न्हाई त्यांना, पर शिदूनं बापाची पेट्रोलवरची जुनी गाडी जपून ठिवलीया. सायलेन्सर काढला की ती अशी वरडती की पंचगंगेचा घाट दणाणतो. मोरणी त्या आवाजावर जीव टाकायची. आणि एक रीत हाय आमची: मालकानं मागं वळून बघायचं न्हाई. बघितलं म्हणजे म्हशीवर इस्वास न्हाई.

शिदू निघाला. ताठ मानंनं पार घाटापतूर गेला. मी बाजूला उभा. मागं मोरणी न्हाईच. ती वाटंच्या सुरुवातीलाच उभी राहिली हुती, रस्त्यावरचं फुटलेलं नारळ हुंगत. गर्दीतनं कुणीतरी वरडलं, "ओ शिदूअण्णा, म्हैस घरात इसरली काय!" सगळी हसली. शिदूनं वळून बघितलं. जन्मात पहिल्यांदा.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. तोंड उतरलेलं. सरळ म्हणाल्या, "माझी चूक आहे. औषध कासेपुरतं राहील असं धरून चाललो आम्ही. थोडं मेंदूत गेलं. आणि आतून सारखा निरोप जात राहिला की पेशीला वाटतं, बाहेर किती थापा पडतायत! मग ती आपली दारंच आत ओढून घेते. आता खरंच कोणी थाप मारली, तरी मारायला दार नाही."

"मग आता वं?"

"बिल्ला काढायचा. विश्रांती मिळाली की दारं हळूहळू परत बाहेर येतात. निदान यायला हवीत."

बिल्ला काढला. आणि मोरणी आटली. थेंब न्हाई.

आता हितंच गोम हाय बघा. मॅडमच्या लेखी मोरणी बिघडली ती बिल्ला सारखा राहिला म्हणून. आणि शिदूच्या लेखी ती आटली बिल्ला काढला म्हणून. कारण गवळ्याच्या पोराला दात यायच्या आधी एक गोष्ट शिकवत्यात: धारेला खाडा न्हाई. घरात मयत असू दे, लगीन असू दे, म्हशीखाली बसायचंच. खाडा पडला की कास दुखती आणि म्हैस आटती. आमच्या बापानं आईला सरणावर ठिवली आणि घरी येऊन पयल्यांदा धार काढली. ते रगतात हाय आमच्या. मी शिदूला म्हणलं, "बाई सांगतीया ते ध्यानात घे, खुळ्या." तर म्हणाला, "दादा, बाई हुशार हायत. पर म्हैस त्यांनी पाळलेली न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात पारू गेली. ताट वाढता वाढता भिंतीला टेकली आणि ऱ्हायली तशीच. हातातली आमटीची वाटीसुदीक सांडली न्हाई.

शिदू तेव्हापास्नं माणसात न्हाई. धारा काढायचा, त्या कधी चुकवल्या न्हाईत, पर कट्ट्यावर आला की गिलास कुणाला दिला न् कुणाला न्हाई, पत्ता नसायचा. त्याची एकच लेक, नीला, निपाणीला दिलेली. ती येऊन ऱ्हायली, रडली, गेली. जेवण त्याचं माझ्या घरात. म्होरं ताट ठिवलं तर ताटाकडं बघत बसायचा.

मॅडमना ते बघवलं न्हाई. तोवर त्यांच्या नकाशावरनं माणसांचं औषध निघालं हुतं. मानंला लावायची पट्टी. बाळंतपणानंतर ज्या बाईला पोराची माया फुटत न्हाई तिच्यासाठी, आणि एकट्या पडलेल्या माणसांसाठी. ती फकस्त मेंदूतली वाट पेटवायची. मॅडमनी शिदूला शंभरदा सांगितलं, मी साक्षीला हाय: "एक आठवडा लावायची, एक आठवडा काढून ठेवायची. काढलेला आठवडाच महत्त्वाचा. तेव्हाच दारं परत बाहेर येतात."

पट्टी लावली आणि तिसऱ्या दिवशी शिदू जेवताना म्हणाला, "वहिनी, आमटी झ्याक झालीया." माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

मला गोठ्यात हळूच म्हणाला, "दादा, पारू हाय. दिसत न्हाई, बोलत न्हाई. पर पाठीमागं बसल्यागत वाटतंय. म्या धार काढतोय आणि ती मागं शेणी थापतीया, तसं."

"मग पट्टी काढशील तवा?"

त्यानं धारंवरनं नजर काढली न्हाई. "काढली की जाती ती."

काढायच्या पहिल्या आठवड्यात त्यानं काढली, तेव्हा दोन दिवस अंथरुणातनं उठला न्हाई. दुसऱ्यांदा काढायची येळ आली तवा तो मेडिकलात गेला आणि दुसरी पट्टी इकत आणली. मी धरला त्याला. म्हणलं, "शिदू, मोरणीचं काय झालं बघितलंस की रं!"

"बघितलं. खाडा पडला आणि आटली."

"आरं, ते तसं न्हवतं."

"दादा, माझ्यावर राग काढू नगो. एकदा ती आटली तर परत पान्हवायची न्हाई. पारू हाय ती. मोरणी न्हवं."

मी मॅडमना सांगितलं. त्या येऊन रागावल्या, हातापाया पडल्या. तो व्हय व्हय म्हणायचा आणि शर्टाची कॉलर वर करायचा.

दीड वरीस गेलं. नीला बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, पर माहेरात आई न्हाई. ती मला म्हणाली, "काका, आई नाही म्हणून इथं यायला नको वाटलं नाही मला. बाबा आहेत की. मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवायला तेच होते, आई गोठ्यात असायची." खरं हुतं ते. शिदू तिला पाटीत बसवून गल्लीभर फिरवायचा.

पोरगी झाली. बारशाला घर भरलं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, ते सांगितलं आणि नीलानं मोठ्यांदा म्हणलं, "पार्वती. आमची पारू."

बायका रडल्या. मी रडलो, मला लाज न्हाई सांगायला. नीलानं पोरगी उचलली आणि शिदूच्या मांडीवर दिली. सगळ्यांचं डोळं त्याच्याकडं.

शिदूनं पोरीकडं बघितलं. हात नीट मानंखाली घातला, कसा धरायचा ते ठाऊक हुतं त्याला. मग मांडीवर जरा तोलून बघितली आणि म्हणाला, "वजन बरं हाय."

बस्स. परत दिली.

बाजारात रेडकू बघताना आमी हेच म्हणतो.

 नीला रातपतूर थांबली न्हाई, पावणं जेवत असतानाच त्याच्या मागं गोठ्यात गेली. मी दारात हुतो. तिनं त्याची कॉलर खाली वढली. पट्टी हुती. पट्टीखालची कातडी पांढरी फटक झाली हुती.

"बाबा, ती आईच्या नावाची आहे. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

शिदू लई इचार करून म्हणाला, कारण खोटं त्याला येत न्हाई: "मला वाटलं पाहिजे, एवढं कळत हुतं गं. पर आत कुणी उठलंच न्हाई."

"आणि आई? ती तरी आहे का अजून, काका म्हणाले तशी, मागं बसलेली?"

ह्याला जबाब द्यायला त्यानं मागं वळून बघितलं. मोरणीच्या दावणीकडं. बघत ऱ्हायला. मग मान हलवली. "कवाची गेली कुणास ठाव. मी आपला लावत ऱ्हायलो."

नीलानं पट्टी वढून काढली. त्यानं अडवलं न्हाई.

मॅडम आल्या. तपासण्या झाल्या. त्यांनी परत तो ठिणग्यांचा नकाशा काढला, ह्या टायमाला शिदूचा. आत निरोपे बसलेत, कोठी हाय, वाटा हायत, सगळं ठणठणीत. फक्त दारं न्हाईत, आणि सारखं कानात वरडणाऱ्या पट्टीचं निरोपे कवाच ऐकंनासं झालेले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "मी औषध शोधलं तेव्हा वाटलं होतं, थाप मारणारा नसला तरी चालेल असं काहीतरी करतेय."

"दारं येतील का वं परत?" मी इचारलं.

"थोडी येतील. किती, आणि कधी, मला माहीत नाही. खरंच नाही माहीत, मल्लाप्पाकाका. पण एक आहे. दार यायचं तर बाहेरून थाप पडत राहिली पाहिजे, असं दिसतंय. रोज, हळू."

तेवढं शिदूनं ऐकलं. बाकीचं इंग्रजी हुतं.

नीला तीन म्हयन्यांनी निपाणीला गेली. आणि शिदूनं काय करावं? सकाळची धार झाली की बापाची ती जुनी गाडी काढायचा, निपाणीला जायाचा, पोरीला मांडीवर घ्यायचा, घटकाभर बसायचा आणि सांजच्या धारंला परत. पाऊस, ऊन, यात्रा, काय असू दे. पेट्रोल कुठं मिळत न्हाई आता, कागलच्या एका म्हाताऱ्याकडनं बाटल्या आणायचा.

एकदा मी बरोबर गेल्तो. बघितलं तर पोरीला मांडीवर घेऊन तो जुनी गाणी म्हणत हुता, जी पारू म्हणायची. तोंडावर काय न्हाई. भिंतीनं गाणं म्हणावं तसं. आणि पोरगी त्याच्या मिशा वढून खिदळत हुती.

परत येताना टोल नाक्यापाशी चहा प्यायलो. म्हणाला, "दादा, त्या पोरीम्होरं मी म्हणजे पेंढा भरलेलं रेडकू हाय बघ. आत काय न्हाई. ती चाटतीया."

"तिला कळतंय व्हय ते?"

"कळत असंल. पारूची नात हाय." चहा संपवला. "तरी चाटतीया."

मग म्हणाला, "पारूबी आता येत न्हाई दादा. पट्टी न्हाई आणि तीबी न्हाई. आधी दुःख तरी हुतं. त्येला मी एवढं भ्यालो, की पारू जायाला नगो म्हणून... न्हाई, दुःख यायला नगो म्हणून..." आणि ते वाक्य त्याला पुरं करता आलं न्हाई.  आमी गाडीवर बसलो.

औंदाच्या पाडव्याला नीला पोरीला घेऊन आली. पारू आता चालती, म्हणजे धावती आणि आपटती. गल्लीत म्हशी सजलेल्या, ताशा कडकडतोय. शिदू मोरणीला पळवत न्हाई आता. ती अजून दावणीला हाय, आटलेली, कुणी म्हातारी आत्या ठेवावी तशी. लोक म्हणत्यात इक. तो म्हणतो, इकायची कशी, ती माझ्यामुळं बसलीया.

तरी पाडवा म्हणून त्यानं गाडी तेवढी काढली, हळद-कुंकू लावलं आणि चालू केली. ती वरडली. दोन पावलं म्होरं नेली, गल्लीच्या तोंडाला लावायला.

आणि उंबऱ्यावरनं पारू उतरली. नीला धरायला धावली, मी हात आडवा घातला. पोरगी त्या आवाजाच्या मागं निघाली. रोज सकाळी निपाणीच्या दारात जो आवाज यायचा तो ह्यो. ताशा, फटाके, शिंगंवाल्या म्हशी दोन्ही बाजूंनी, तिचं कुणाकडं ध्यान न्हाई. हात पसरून, डुलत डुलत गाडीच्या मागं.

शिदूला म्हशींच्या घुंगरांत काय ऐकू आलं कुणास ठाव. पण त्याची पाठ ताठ झाली. त्यानं वळून बघितलं न्हाई. म्होरं बघतच वरडला, "दादा, कोण येतंय का मागं?"

"येतंय की."

"कोण?"

"पारू."

गाडी तशीच धडधडत ऱ्हायली. त्याच्या खांद्याकडं बघून मला काय कळंना. मग तो म्हणाला, "दादा, अजून काय वाटत न्हाई रं मला."

"असू दे," मी म्हणलं. "तू गाडी बंद करू नगोस."

त्यानं केली न्हाई. हळूच पाऊलभर म्होरं नेली, म्हशीला नेत्यात तशी, आणि थांबला. पोरगी आली, त्याच्या पायजम्याला दोन्ही मुठी धरून उभी राहिली आणि त्याच्या पायावर थापा मारायला लागली. बा, बा, बा.